मीठ हातात देत नाहीत

यंत्राच्या हाताने मिठाची पिशवी उचलली आणि इंजिनीअरच्या पसरलेल्या तळहातापर्यंत आणली. तिथे तो क्षणभर थांबला. मग त्याने पिशवी टेबलावर ठेवली, दोन बोटांनी इंजिनीअरच्या दिशेने सरकवली आणि तो मागे गेला.

हॉलमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. "शिकला गो, शिकला!" असे मागून कोणीतरी म्हणाले. इंजिनीअरचा तळहात तसाच पसरलेला होता.

हे पेणमध्ये घडले. यंत्राच्या हाताला काम शिकवणाऱ्या तिथल्या केंद्रात मी तेव्हा तपासनीस होतो. त्याआधी बरीच वर्षे एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात बातम्या तपासण्याचे काम केले होते. ते कार्यालय बंद झाले. ते बंद होणार हे आदल्या आठवड्यापर्यंत आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. बातमीदारांच्या बाबतीत हा कमीपणाच म्हटला पाहिजे.

केंद्राचा हॉल पूर्वी मूर्ती ठेवण्याची वखार होता. भिंतींच्या खालच्या भागावर गुलाबी आणि पिवळ्या रंगाचे शिंतोडे होते. तिथे आता आठ टेबले, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घरगुती वस्तू आणि एका कोपऱ्यात माझा संगणक होता. यंत्राच्या हाताला वस्तू धरायला शिकवायची, तर त्याला आधी माणसांचे हात दाखवावे लागतात. एकदा दाखवून भागत नाही, शेकडो वेळा दाखवावे लागतात. बायका तारा जोडलेले मोजे घालत आणि कपाळावर कॅमेऱ्याचा पट्टा बांधत. मोज्यातून बोटांचा वाक आणि दाब नोंदला जाई. कॅमेऱ्यात त्या बाईला जे दिसे तेच दिसे. आवाज नोंदला जात नसे. कांदा उचला. पेला पालथा घाला. बाटलीचे झाकण उघडा. आणि सगळ्यात जास्त वेळा, वस्तू समोरच्या बाईच्या हातात द्या.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा होता. हात बनवणारी कंपनी परदेशातली होती आणि पुण्यातले एक कार्यालय आमच्याकडून काम करून घेत असे. तयार झालेला हात अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाणार होता. पाण्याचा पेला, चष्मा, जेवणातली वाटी त्या माणसाच्या हातात द्यायची, एवढेच त्याचे काम. उठता न येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने टेबलावर ठेवलेली वस्तू असून नसल्यासारखी.

प्रत्येक रेकॉर्डिंग पाहून त्याखाली पास किंवा नापास लिहायचे आणि आपली आद्याक्षरे टाकायची, हे माझे काम होते.

केंद्रात तेरा बायका होत्या. बहुतेक खाडीकाठच्या गावांतल्या, आणि त्यातल्या बहुतेकांना मीच आणले होते. बातमीदारीच्या दिवसांत खाडीचा बांध फुटला की मी त्या गावांत जात असे, त्यामुळे घरे माहीत होती. एक हमरापूरला मूर्ती रंगवण्याचे काम सोडून आली. दोघीतिघी मिठागरावरच्या होत्या. त्यांतल्या पन्नाशीच्या एका बाईने मला तेव्हा विचारले होते, "पेपरवाले, ह्ये काम टिकंल का? नायतर आमची जागा तिकडं दुसरी कोण घेल."

"टिकेल," मी म्हणालो होतो. बातमीत असे वाक्य आधाराशिवाय मी जाऊ दिले नसते.

या बाईला केंद्रात सगळ्या थोरली म्हणत, कारण तिची धाकटी जाऊही तिथेच कामाला होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. चार वर्षांपूर्वी घरात चूल वेगळी झाली, अंगणात मधोमध पत्रा उभा राहिला आणि बोलणे थांबले. दोघी एकाच गावातून एकाच रिक्षाने येत, एक पुढे बसे आणि एक मागे. केंद्रात त्यांची टेबले मी दोन टोकांना ठेवली होती. तरी काही सांगायचे झालेच तर ते तिसऱ्या माणसामार्फत जाई. "त्यांना सांगा, पंखा बारीक करा," असे थोरली मला सांगे. धाकटीला ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. ती मला सांगे, "त्यांना सांगा, गरमी होतंय."

यंत्राचा हात पेणला आणला तो केवळ दाखवण्यासाठी. ज्यांनी शिकवले त्यांनी एकदा पाहावा, असे पुण्याच्या इंजिनीअरला वाटले. तो तिशीच्या आतला, सभ्य माणूस होता. मीठ टेबलावर ठेवले गेल्यावर त्याने तेच पुन्हा करून पाहिले. पुन्हा मीठ टेबलावर. मग त्याने कांदा मागितला. कांदा तळहातावर आला. अंडे तळहातावर आले, न फुटता. त्याने तेवढ्याच वजनाची साखरेची पिशवी मागितली. ती सरळ हातात आली. सुक्या मिरच्यांचे पाकीट मागितले, ते टेबलावर ठेवून सरकवले गेले.

"मनगटात काहीतरी आहे," असे म्हणून तो स्क्रू काढू लागला.

बायकांना यात बिघाड काय आहे तेच कळत नव्हते. मला मात्र कळले होते. वर्तमानपत्रात चूक छापली गेली की आधी ती हस्तलिखितात होती की छपाईत झाली, हे बघतात. मी संगणकाकडे गेलो आणि मिठाची रेकॉर्डिंग एकामागून एक उघडली. प्रत्येकात तेच होते. पहिली बाई पिशवी उचलते, समोरचीच्या हाताजवळ नेते, टेबलावर ठेवते आणि हात काढून घेते. दुसरी ती उचलते. हे सगळे इतके सहज होत होते की मध्ये काही राहून गेले आहे असे वाटतच नव्हते. एकाही जोडीचा अपवाद नव्हता. प्रत्येकाखाली पास लिहिलेले होते आणि आद्याक्षरे माझी होती.

मी परत आलो तेव्हा इंजिनीअरने मनगटाचे झाकण उघडले होते.

"ते राहू द्या," मी म्हणालो. "मीठ हातात देत नाहीत."

"कोण देत नाही?"

"कोणीच देत नाही."

त्याने बायकांकडे पाहिले. थोरली उभीच होती. "भांडण व्हतं," ती म्हणाली. "मीठ नि मिरची हातान देवाची नाय. खाली ठेवाची, ज्याची त्यानं उचलाची. तुमच्या घरान काय करतात?"

इंजिनीअरने हातातला पेचकस खाली ठेवला. "आई खाली ठेवते," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "मी ही रेकॉर्डिंग पुण्यात पाहिली आहेत. दोनदा."

"मंग!" थोरली म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय मिटला होता.

तो मिटलेला नव्हता. त्याच संध्याकाळी मी अहवाल लिहिला. काय घडले, कोणत्या वस्तूंबाबत, कशामुळे. चूक तपासनीसाची, असे एका ओळीत लिहिले. ती ओळ जरा सौम्य करण्याचा मोह झाला होता. इंजिनीअरने त्यात स्वतःचे नाव जोडायला सांगितले, हे नोंदवले पाहिजे. उत्तर दुसऱ्या दिवशी आले. परदेशातल्या कंपनीने आरडाओरडा केला नव्हता. मीठ आणि मिरची यांचे संपूर्ण काम आठवड्याभरात नव्याने करून द्यावे. ते जमले नाही तर पेणचे काम दुसऱ्या शहरात चालू असलेल्या केंद्राकडे वर्ग केले जाईल. मी ते बायकांना मराठीत सांगितले. सगळ्यांनी ऐकून घेतले. 'वर्ग' या शब्दाचा अर्थ कोणालाही विचारावा लागला नाही.

"आठ दिवस पुष्कळ झाले," मी म्हणालो. "पिशवी हातात द्यायची, बस."

कोणीच हलले नाही.

"हिच्या हातान?" हमरापूरची रंगवणारी म्हणाली. शेजारी तिची मैत्रीण होती. "हिच्याबरोबर मी रोज डबा खाते, पेपरवाले. एकदा नाय, दोनशे येळा मीठ द्यायचं? मंग आमचं उरेल काय?"

"अगो, तू नाय दिलंस तरी तू भांडशीलच," मैत्रीण म्हणाली.

"बघा! नुसतं नाव काढलं तं सुरू झाली."

सगळ्या हसल्या, पण मोजे कोणी घातले नाहीत. मी समजावण्याचा प्रयत्न केला. हे काम आहे, घर नव्हे. पिशवी बंद आहे. हातात मोजा आहे. एकीने विचारले, "तुमी द्याल का?" मी इंजिनीअरला समोर बसवले. त्याने हात पसरला, मी पिशवी उचलली, आणि ती टेबलावर ठेवली. दुसऱ्यांदाही तेच झाले. तिसऱ्यांदा मी पिशवी त्याच्या तळहातावर ठेवली तेव्हा ती कुठल्यातरी दुसऱ्याच माणसाने ठेवल्यासारखी वाटली. तपासनिसाची स्वतःची रेकॉर्डिंग तशीही चालत नसत.

पहिले दोन दिवस असेच गेले. कांदे, पेले, किल्ल्या यांचे नेहमीचे काम होत राहिले. मिठाचे क्रेट तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी बायकांकडूनच एक सूचना आली आणि ती वाईट नव्हती. पिशवीतले मीठ काढून रवा भरावा. कॅमेऱ्याला बाहेरचे चित्र दिसेल, आणि आत मीठ नसल्यामुळे भांडणाचे कारण उरणार नाही. बायकांना ती लगेच पटली. दोघी तर कात्री शोधायलाही लागल्या.

मी नाही म्हणालो. रवा मिठासारखा बसत नाही. मीठ जड असते आणि बुडाशी बसते, रव्याची पिशवी फुगते, बोटांचा दाब बदलतो. पण खरे कारण ते नव्हते. फोटो एकाचा आणि खाली ओळ दुसऱ्याची, असे मी आयुष्यात कधी जाऊ दिले नव्हते. नकळत चुकीचे पास केले होते, तेवढे पुरे होते. हे बोलून दाखवल्यावर कात्री शोधणाऱ्या दोघी जागेवर परत जाऊन बसल्या. माझ्या बाजूचे कोणीच नव्हते. आपल्या अटीपायी तेरा जणींचे काम जाणार, हे रोह्याला घरी परतताना गाडीत मला स्पष्ट दिसत होते. पेणला बसल्यापासून रोह्याला उतरेपर्यंत मी दुसरा कुठला मार्ग शोधत होतो. कासू गेले, नागोठणे गेले, मार्ग सापडला नाही.

तो चौथ्या दिवशी सकाळी थोरलीने सांगितला. ती हातात मोजा घेऊनच माझ्या टेबलाशी आली.

"आमा दोघींना बसवा," ती म्हणाली.

"कोणा दोघींना?"

तिने मान न वळवता हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे अंगठा केला. "आमचं भांडण व्हऊन चार वरसं झाली. आता मीठ दिलं काय नि नाय दिलं काय. अजून काय व्हवाचं राह्यलंय?"

हॉलमध्ये आधी कोणीतरी फुसकन हसले, आणि मग सगळ्याच हसल्या. धाकटी हसली नाही. ती पेले मांडत होती. तिने उरलेले दोन पेले मांडून पूर्ण केले आणि मला म्हणाली, "त्यांना सांगा, मी येते. पण आधी त्यांचा चष्मा पुसायला सांगा, कॅमेऱ्यात काय दिसणार नाय."

"तिला सांगा, चष्म्यावर कॅमेरा नसतो, कपाळावर असतो," थोरली म्हणाली.

मी दोन्ही सांगितले. दोघी मधल्या टेबलाशी समोरासमोर बसल्या. पट्टे बांधले, मोजे चढवले. बाकीच्यांनी आपापले काम थांबवले. थोरलीने पिशवी उचलली आणि धाकटीच्या तळहातावर ठेवली. धाकटीची बोटे मिटली. धाकटीने ती परत थोरलीच्या हातावर ठेवली. कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हते. दहा वेळा, वीस वेळा, पन्नास वेळा तसेच झाले. मी माझ्या पडद्यावर ते पाहत होतो. हात ते हात, मध्ये टेबल नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत मी जेवढ्यांखाली पास लिहिले तेवढ्यांकडे पुन्हा एकदा सावकाश पाहिले.

पाचव्या दिवशी वाटीतल्या मिठाची पाळी होती, आणि त्यानंतर मोठ्या पिशवीची. मोठी पिशवी धाकटीने वरच्या कोपऱ्याला धरली. कोपरा ताणला गेला.

"गळा काय धरतेस?" थोरली म्हणाली. "मिठाचं वझं बुडाशी धरतात."

हॉलमधल्या सगळ्यांचे हात थांबले. चार वर्षांत ती धाकटीशी थेट बोललेली ही पहिलीच गोष्ट होती.

"मला शिकवू नका," धाकटी म्हणाली. "मिठागरावर तुमी एकट्याच व्हत्या का? माझा बाप काय पापड लाटीत व्हता?"

"बाप व्हता, तू नव्हतीस. तू लगीन करून आलीस तेव्हा तुला फावडं धरता येत नव्हतं."

"नव्हतं येत. शिकवलंत का? शिकवलंत नाय, गावभर सांगितलंत."

मग ते सुरू झाले. फावडे, नळाचे पाणी, एका लग्नातले मानपान, अंगणातला पत्रा कोणाच्या नवऱ्याने आधी आणला, डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या, दोघींच्याही दिराचा डबा कोणत्या चुलीवर होत असे आणि तो कोणी बंद केला. आवाज चढले. हमरापूरची माझ्याकडे पाहून म्हणाली, "बघा, मी सांगत नव्हते?" मी मध्ये पडावे असे काहींना वाटत होते. मी पडद्याकडे पाहत होतो. पिशवी थोरलीच्या हातातून धाकटीच्या हातात जात होती, धाकटीच्या हातातून थोरलीच्या. दोघींचेही तिकडे लक्ष नव्हते. बोटे बुडाशी होती. धाकटीचीसुद्धा. त्यामुळे ती पकड आधीच्या सगळ्या रेकॉर्डिंगपेक्षा चांगली होती. आवाज नोंदला जात नव्हता, याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"डबा मी बंद नाय केला," थोरली म्हणाली. "तू त्याला न्यायला पाठवायची बंद झालीस. मी चार दिवस करून ठेवला. कुत्र्याला घातला चार दिवस."

"मला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? बोलत कोण व्हतं?"

धाकटीने पिशवी पुढे केली. थोरलीने घेतली. उरलेले काम बहुतेक न बोलता झाले, पण आधीच्या दिवसासारखे नव्हे.

सहाव्या दिवशी त्या दोघींनीच मिरच्यांची पाकिटे दिली-घेतली, आणि सातव्या दिवशी सगळे पुण्याला पाठवले गेले. त्यानंतर तीन दिवस काहीच आले नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी रोह्याहून निघालो होतो आणि गाडी कासूला थांबली होती तेव्हा फोनवर मेल आला. तो चार ओळींचा होता. मी तीनदा वाचला. नकाराचा एखादा शब्द मध्ये कुठे लपलेला असू शकतो, ही जुन्या कामाची भीती. तसा शब्द नव्हता. नवीन रेकॉर्डिंग स्वीकारली होती आणि पेणचे काम पुढेही पेणलाच राहणार होते. खाली इंजिनीअरने स्वतःचे एक वाक्य जोडले होते: हाताने आज मीठ हातात दिले. गाडी कासूहून कधी सुटली ते माझ्या लक्षात आले नाही. पेणला मी उतरलो तेव्हा खांद्यांवरून काहीतरी खाली ठेवल्यासारखे झाले होते, आणि स्टेशनबाहेर दोन कप चहा एकामागून एक घेतला. एरवी मी एकच घेतो.

केंद्रात पोहोचून मी उभ्यानेच मेल वाचून दाखवला. हमरापूरची खाली बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "चला बाय." कोणीतरी विचारले, "मंग आज काय? कांदेच?" मी म्हणालो, कांदेच. मोजे चढवले गेले.

"टिकेल म्हणालात तेव्हा तुमाला काय ठाऊक व्हतं का?" थोरलीने जाता जाता विचारले.

"नव्हतं," मी म्हणालो.

"मलापण तसंच वाटलं व्हतं," ती म्हणाली आणि टेबलाकडे गेली.

दुपारी जेवायला सगळ्या नेहमीप्रमाणे दोन टेबले जोडून बसल्या. थोरलीच्या डब्यात भाकरी आणि सुकटाचे कालवण होते. तिने एक घास घेतला आणि थांबली. मिठाची बरणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, धाकटीच्या हाताशी होती.

"मीठ दे गो जरा," थोरली म्हणाली. तिसऱ्या कोणाला नव्हे, तिलाच.

धाकटीने बरणी उचलली. थोरलीने सवयीने हात पुढे केला होता. मिठाच्या कामात तीन दिवस तेच केले होते. धाकटीचा हात त्या हातापर्यंत गेला, आणि तिथे थांबला. मग तिने बरणी टेबलावर ठेवली आणि दोन बोटांनी थोरलीकडे सरकवली.

थोरलीने बरणीकडे पाहिले. मग ती उचलली, मीठ घेतले आणि झाकण लावून ठेवून दिली. बाकीच्या खाली पाहून जेवत होत्या.